पासंग

मार्केट यार्डात, हळदीच्या गाळ्यांमागं माझं दुकान.
पाटीवर अजून वडलांचं नाव:
आदगोंडा चौगुले, काटे-तराजू दुरुस्ती.
त्यातला 'दु' उडालाय, नुसतीच 'रुस्ती' उरलीय,
पण ज्याला यायचं तो येतो.

लहानपणी मी लोकांच्या घरी
भिंतीवरची वाकडी कॅलेंडरं सरळ करायचो.
आई म्हणायची, पै-पाहुण्यांत लाज आणतंय हे पोरगं.
वडलांनी एकदा नीट बघितलं
आणि दुसऱ्या दिवशी हातात कानस दिली.
तुला काय आवडतं, असं कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तरी काय सांगणार?
सरळपणा हा विषय शाळेत नव्हता.

आता त्रिशलाची कल चाचणी झाली.
साठ प्रश्न, दर प्रश्नाला पाच गोल.
यंत्रं उघडून बघायला आवडतात का.
माणसांत मिसळायला आवडतं का.
गोंधळे मॅडमनी कागद पुढं सरकवला:
'सगळीकडं मधलाच गोल भरलाय हो हिनं.'

मला वाटलं, बरंच झालं.
मधला गोल म्हणजे कोरी जागा,
तिथं मी लिहीन: इन्स्ट्रुमेंटेशन, डिप्लोमा, तीन वर्षं.
काटे आता बॅटरीवर चालतात,
त्यांच्या पोटातलं हिरवं पान मला वाचता येत नाही.
ती वाचेल. पाटीपण रंगवून घेऊ.

त्याच संध्याकाळी गुळाच्या अडत्याचा
जुना दांडीचा तराजू आला. तक्रार एवढीच:
'खोटं बोलाय लागलाय.'
अशा वेळी आधी पारडी रिकामी करायची,
गुळाचा चिकटा, मेलेले मुंगळे, सगळं पुसायचं,
आणि हात मागं घ्यायचा.
नवखा इथंच चुकतो, लगेच बोट लावतो.
दांडीला झुलू द्यायचं, तिची हौस फिटेपर्यंत.
मग ती आपणहून दाखवते कल कुठं आहे.
त्यानंतर पासंग. चिंधीत दोन छर्रे, जास्त नाहीत.

दांडी झुलत होती.
समोरच्या कट्ट्यावर हमालाचा सुभान आला,
बापाचा रिकामा डबा न्यायला.
सुभानचं नाव सुभानच्या आधी
सगळा यार्ड बोलून टाकतो,
कारण तो 'सु'वरच अडतो,
आणि इथं प्रत्येकाला घाई. मलासुद्धा.

त्रिशला डबा धरून बसली होती.
तो काहीतरी सांगू लागला. अडला.
तिनं शब्द पुरवला नाही.
'हं हं' केलं नाही, दुसरीकडं बघितलं नाही.
हळदीचा ट्रक मागं मागं येत गाळ्याला लागला,
फळका पडला, चार पोती उतरली,
तेवढ्यात त्याचं वाक्य पुरं झालं:
'सु… सुट्टीत मी मि… मिरजेला गेलतो.'
'कशानं?' तिनं विचारलं,
आणि पुन्हा तशीच थांबली.

साठ प्रश्नांत हा नव्हता:
दुसऱ्याचं वाक्य संपेपर्यंत तुला थांबता येतं का.

मी तराजूकडं वळलो. दांडी स्थिर झालेली,
डावं पारडं चांगलं बोटभर खाली.
छर्रे काढायला डबी उघडली, तेव्हा दिसलं:
डाव्या पारड्यावर माझाच अंगठा.
तीस वर्षांत पहिल्यांदा.
आणि खरं तर पहिल्यांदा नसेलही.

दुसऱ्या दिवशी मॅडमना विचारलं,
न बोलता येणाऱ्याला बोलायला शिकवतात
असं काही शिक्षण असतं का.
त्या म्हणाल्या, असतं, लांब असतं, खर्चाचं असतं,
मिरजेच्या दवाखान्यात एक बाई आहेत, भेटून तरी या.

रात्री जेवताना मी म्हणालो,
रविवारी मिरजेला जाऊ. एक काम बघायचंय. तुझं.
तिनं भाकरीचा तुकडा तसाच धरला.
'आणि दुकान?'

मला उत्तर लगेच आलं नाही.
तिनं ते पुरवलं नाही.